टर्बो गाडीचं अ‍ॅव्हरेज: आधी वही, मग पाय

मी पेशाने ऑडिटर आहे. बावीस वर्षं लोकांच्या हिशेबातली गळती शोधण्यात गेली आणि सेहेचाळिसाव्या वर्षी मी दोन लिटरची, सहा गिअरची टर्बो हॅचबॅक सेकंडहँड घेतली. धाकटा भाऊ गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणाला, "ताई, ही पळवायला घेतलीस की पोसायला?" पहिल्या टाकीने त्याची बाजू घेतली. ३३८ किलोमीटरला ४१.३ लिटर, म्हणजे लिटरला ८.२.

आज हीच गाडी त्याच रस्त्यांवर ११.४ देते. इंजिन तेच, टर्बो तोच, आणि मी ट्रकच्या मागे रांगत जात नाही. मधला फरक साधारण निम्मा दुरुस्तीतून आला, उरलेला पायातून. क्रमही तोच ठेवा. गाडीत बिघाड असताना पायाला शिस्त लावणं म्हणजे फुटक्या टाकीत जपून पाणी भरणं.

पहिलं काम वहीचं. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका. माझा खऱ्यापेक्षा सहा-सात टक्के चढा असतो. टाकी फुल्ल करा, नोझल पहिल्यांदा टक करून बंद पडलं की थांबा, वरून आणखी घालू नका. ट्रिप मीटर शून्यावर आणा. पुढच्या खेपेला शक्यतो तोच पंप, तशीच सपाट जागा, पुन्हा पहिल्या टकला थांबा. किलोमीटर भागिले लिटर. एका टाकीवरून काहीही ठरवू नका, तीन टाक्यांची एकत्र बेरीज घ्या. आधीच्या मालकाने टायरचा साइज बदलला असेल तर ओडोमीटरही खोटं बोलतं. मोबाइलच्या जीपीएसशी शंभरेक किलोमीटर ताडून पाहा. माझं दोन टक्के कमी मोजत होतं (वरचे आकडे ती दुरुस्ती करूनच दिलेत, काळजी नको). वहीत तारीख, किलोमीटर, लिटर यांच्या जोडीला 'शेरा' असा एक रकाना हवाच. त्यात गारठा, गर्दी, घाट, डिकीतलं सामान, जे काही वेगळं असेल ते लिहायचं. नाहीतर महिन्याभराने आकडा का पडला ते आठवत नाही आणि माणूस उगीच प्लग बदलत बसतो.

आता बिघाड. गाडी घेतली तेव्हा सायलेन्सरच्या तोंडाला आतून काळी, मऊ काजळी होती. बोट फिरवलं की बोट काळं. मेकॅनिकने स्कॅनर लावला, फ्युएल ट्रिम पाहिले आणि म्हणाला, "मॅडम, सगळं ओके आहे." तो खोटं बोलत नव्हता. ट्रिम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून इंधनात जी वजाबाकी-बेरीज करत असतो ती. पाच टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, सतत दहाच्या पुढे असेल तर काहीतरी शोधायला हवं. माझे दोन-तीनच्या आत होते. पण ते पाहिले गाडी जागेवर उभी असताना, आणि गळती होती ती फक्त बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो हवा दाबत असतानाच, दिसणारी.

इथे थोडं थांबून सांगते, कारण टर्बो गाडीत अ‍ॅव्हरेज खाणारा मला सापडलेला सगळ्यात लबाड बिघाड हाच. टर्बोने दाबलेली हवा पाइपातून इंटरकूलरला जाते, तिथे गार होते, पुढच्या पाइपातून थ्रॉटलला, म्हणजे पेडल दाबलं की उघडणाऱ्या हवेच्या झडपेला, पोचते. ज्या गाड्यांत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर टर्बोच्या आधी असतो, तिथे हवा आधी मोजली जाते, मग दाबली जाते. मधल्या पाइपाला चीर असेल तर मोजलेल्या हवेतली काही बाहेर पळते. कॉम्प्युटरला ते कळत नाही. तो मोजमापाप्रमाणे पेट्रोल सोडतो आणि पेट्रोल हवेच्या मानाने जास्त पडतं. जागेवर किंवा निवांत चालताना त्या पाइपात दाबच नसतो, म्हणून चिरेतून जवळपास काही जात नाही आणि स्कॅनर 'सगळं ओके' म्हणतो. याउलट थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डपाशी (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांपाशी) गळती असेल तर उलटा प्रकार: तिथे निर्वात असतो, न मोजलेली हवा आत ओढली जाते, आणि जागेवरच ट्रिम अधिकात दिसतात. कुठल्या वेळी आकडा बिघडतो यावरून गळती कुठे आहे ते कळतं. हे समजल्यावर मला अगदी घरच्यासारखं वाटलं. खोटी व्हाउचरंही महिनाअखेरीलाच निघतात.

शोधायची पद्धत साधी आहे. इंजिन बंद ठेवून टर्बोच्या तोंडाला बूच बसवायचं, त्यातून हळूहळू एक बारपर्यंत (साधारण एका वातावरणाएवढा दाब) हवा भरायची आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारायचं. ओळखीच्या मेकॅनिकसमोरच करा; नीट न बसवलेलं बूच बंदुकीच्या गोळीसारखं उडतं. आम्ही केलं तेव्हा वरचे सगळे जोड कोरडे राहिले. मग गाडी उचलली, आणि इंटरकूलरच्या खालच्या रबरी होजवर, क्लिपच्या अगदी कडेला, बारीक फेस येऊ लागला. होज वाकवल्यावर करंगळीच्या नखाएवढी चीर उघडली. सोडली की मिटली. त्याला वरून तेलकट मातीचा थर होता, म्हणून नुसत्या डोळ्यांना ती दिसणं शक्यच नव्हतं. नवा होज, दोन नव्या क्लिपा. पुढच्या तीन टाक्या: ९.१.

दुसरा चोर थर्मोस्टॅट. स्कॅनरवर कूलंटचं तापमान मोकळ्या रस्त्यावर ७२-७३ दिसायचं आणि गर्दीत अडकले की चढायचं. चांगलं तापलेलं इंजिन साधारण ९० अंशांच्या आसपास स्थिर राहायला हवं. उघडाच अडकलेला थर्मोस्टॅट इंजिनला नीट तापूच देत नाही, आणि थंड इंजिन म्हणजे जाड तेल आणि जास्तीचं पेट्रोल. डॅशबोर्डवरचा काटा मात्र मधोमध निवांत असायचा. बऱ्याच गाड्यांत तो काटा तापमानाच्या मोठ्या पट्ट्यात मुद्दाम मधेच धरून ठेवतात, म्हणजे आपल्यासारख्यांनी घाबरू नये. त्याच्यावर भरवसा नको.

तिसरं, ब्रेक. जोरकस गाडीच्या मोठ्या कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या) पिना सुकल्या की पॅड चिकटून राहतात. पाच-सहा किलोमीटर जाऊन, शेवटी ब्रेक फारसा न लावता थांबा आणि चारही चाकांजवळ हात न्या (हात लावू नका). एक चाक इतरांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तिथे गाडी रात्रंदिवस ब्रेकवर पाय ठेवून चाललीय. माझं मागचं डावं होतं. पिना साफ केल्या, ग्रीस लावलं, झालं.

प्लगबद्दल एवढंच: टर्बो इंजिनात गॅप सहसा कमी लागतो, ०.७ ते ०.८ मिलिमीटरच्या घरात, कारण दाबलेल्या मिश्रणात ठिणगी उडवणं अवघड असतं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तोच घ्या. एअर फिल्टरकडून फार अपेक्षा ठेवू नका. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ साली तपासलं, तेव्हा आधुनिक फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरने पिकअप पडला, अ‍ॅव्हरेज फारसं हललं नाही. फिल्टर वेळेवर बदला, पण अ‍ॅव्हरेजच्या आशेने नको.

इथवर आल्यावर पायाकडे वळू. त्यासाठी एक उपकरण लागतं: बूस्ट गेज. गाडीत नसेल तर ओबीडीचं (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या सॉकेटचं) छोटं ब्लूटूथ अ‍ॅडाप्टर आणि मोबाइलवरचं अ‍ॅप चालतं. काटा शून्याच्या खाली असेल तर मॅनिफोल्डमध्ये निर्वात आहे, म्हणजे तुमची गाडी सध्या एक साधी, बिनटर्बोची गाडी आहे. जागेवर तो उणे ०.६-०.७ बारच्या आसपास बसतो. शून्याच्या वर गेला की टर्बो हवा कोंबतोय.

आता हिशेब बघा. एक बार बूस्ट म्हणजे, ढोबळमानाने, त्याच आरपीएमला शून्य बूस्टच्या दुप्पट हवा. दुप्पट हवेला दुप्पट पेट्रोल, हे सरळ आहे. पण गोष्ट तिथे थांबत नाही. निवांत चालताना इंजिन एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा घेतं, वजनाने. जोरात बूस्टमध्ये गेलं की नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून होणारी ठकठक) टाळायला आणि टर्बो, व्हॉल्व्ह थंड ठेवायला बरीच इंजिनं मिश्रण मुद्दाम दाट करतात, म्हणजे एका भाग पेट्रोलला हवा ११.५ भागांच्या आसपास. ते वरचं पेट्रोल जळत नाही, नुसतं गारवा देतं. १४.७ भागिले ११.५ म्हणजे जवळपास १.२८. दुप्पटला त्याने गुणा: अडीचपट. नव्या डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांत हे दाटपण बरंच कमी असतं, पण जुन्या जोरकस टर्बो गाड्यांत पेट्रोल जातं ते इथेच.

म्हणून माझा नियम एका वाक्याचा आहे: नकळत बूस्ट लागू द्यायचा नाही. मुद्दाम लावायचा तर खुशाल लावावा. गेज बसवल्यावर पहिल्याच दिवशी कळलं की सिग्नल सुटला, किंचित चढ आला, पुढचा जरा रेंगाळला, अशा बिनकामाच्या ठिकाणी माझा काटा ०.४-०.५ वर जाऊन येत होता. मजा शून्य, पेट्रोल पुरेपूर.

पण याचा अर्थ पेडलवर अंडं ठेवल्यासारखं चालवायचं असा नाही. ती चूक मी दोन टाक्या केली आणि आकडा हललाच नाही. थ्रॉटल जेमतेम उघडा असतो तेव्हा इंजिनला अरुंद फटीतून हवा ओढावी लागते, आणि त्या ओढण्यातही ताकद जाते. शिवाय हळूहळू वेग घेताना खालच्या गिअरांत जास्त वेळ जातो. त्यापेक्षा पाय ठामपणे दाबा, काटा शून्याच्या जरा खाली किंवा शून्याला टेकलेला ठेवा, २,५०० च्या आसपास वरचा गिअर टाका, आणि हव्या त्या वेगाला पोचलात की पाय हलका करा. चपळ सुरुवात, मग निवांत. काटा शून्यावर धरायला पहिला आठवडा लक्ष द्यावं लागतं. नंतर टर्बोची बारीक शिट्टी ऐकूनच पाय आपसूक थांबतो.

एक सावधगिरी. अ‍ॅव्हरेजच्या नादात सहाव्या गिअरला १,२०० वर गाडी रखडवत चढावर पाय पूर्ण दाबायचा, हे टर्बोत अजिबात नको. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत कमी आरपीएम आणि भरपूर लोड या जोडीला मिश्रण कधी कधी ठिणगीच्या आधीच पेटतं; त्याला लो-स्पीड प्री-इग्निशन म्हणतात. एका दणक्यात पिस्टनची कड तुटू शकते. तेलाचे २०१८ चे एपीआय एसएन प्लस आणि २०२० चे एसपी हे दर्जे आले त्यामागे हे एक मोठं कारण होतं. म्हणून मॅन्युअल सांगतं त्याच जाडीचं आणि त्या दर्जाचं तेल घाला, आणि जोर हवा असेल तर गिअर उतरवा. २,००० च्या खाली मी पेडल तळाला नेत नाही.

पुढचा भाग ब्रेकचा. दीड टनाची गाडी ताशी १०० वरून थांबवली की सुमारे ५८० किलोज्यूल ऊर्जा डिस्कवर जाळली जाते. तेवढी ऊर्जा पुन्हा गाडीत भरायला, इंजिनची कार्यक्षमता पंचवीस-तीस टक्के धरली तर, साधारण ६० ते ७० मिलिलिटर पेट्रोल लागतं. खोकल्याच्या औषधाची छोटी बाटली डोळ्यांसमोर आणा. अशा पंधरा बाटल्या म्हणजे एक लिटर. हे लक्षात आल्यापासून लांब लाल सिग्नल दिसला की मला तिथे ती बाटली दिसते.

म्हणून पुढे बघा आणि पाय लवकर उचला, गाडी गिअरमध्येच ठेवून. गिअरमध्ये पाय सोडला की कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो आणि चाकं इंजिन फिरवतात. आरपीएम हजार-दीड हजारापर्यंत उतरेतोवर पेट्रोल शून्य. न्यूट्रलमध्ये टाकलंत तर इंजिनला स्वतःला चालू राहायला पेट्रोल लागतंच, आणि उतारावर गाडीवरचा ताबाही सैल होतो. फक्त जिथे उतार इतका हलका आहे की गिअरमध्ये वेग मरतो, तिथे पाय न सोडता जरासा टेकवून ठेवणं बरं.

हे सगळं कंजूष बाईचं शास्त्र वाटत असेल तर फॉर्म्युला वनचा टर्बो काळ आठवा. १९८४ पासून तिथे शर्यतीत पेट्रोल भरायला बंदी आली आणि २२० लिटरची मर्यादा लागली. १९८६ ला ती १९५ झाली. त्या वर्षी हॉकेनहाइमला अलँ प्रोस्टचं इंधन शेवटच्या फेरीत संपलं आणि तो उतरून गाडी ढकलू लागला. १९८८ ला टर्बोवाल्यांना १५० लिटर आणि अडीच बारचीच परवानगी होती, तरी होंडाच्या टर्बो इंजिनवर मॅकलॅरनने सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या. सरळ रस्ता संपण्याआधी पाय उचलून गाडी वाहू देणं हे तिथलं रोजचं काम होतं. मला कुणी हसलं की मी प्रोस्टचं नाव पुढे करते.

वेगाबद्दल थोडक्यात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ११० ऐवजी १३० ने गेलात तर विरोध चाळीस टक्के जास्त, आणि त्या वेगाला काटा चढावर सहज शून्य ओलांडतो. छतावरचा रिकामा कॅरिअर काढून ठेवा. मोकळ्या रस्त्यावर काचा बंद करून एसी लावा.

टायर. जोरकस गाडीला रुंद, चिकट टायर असतात आणि ते लोळायला जड असतात. ते बदलायचे नसतील तर निदान हवा तरी बरोबर ठेवा. तापमान दहा अंशांनी उतरलं की दाब साधारण दीड पीएसआयने पडतो. हवा थंड टायरमध्ये मोजा, दाराच्या कडेवरच्या स्टिकरप्रमाणे. अलाइनमेंटही बघा. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने ट्रॅकसाठी पुढच्या चाकांना टो-आउट दिला होता, म्हणजे चाकांची पुढची टोकं किंचित बाहेर वळवली होती. कोपऱ्यात छान, पण सरळ रस्त्यावर दोन्ही चाकं आपापल्या दिशेला ओढत घासत चालायची. तो सरळ केल्यावर स्टीअरिंगही शांत झालं.

पेट्रोल मॅन्युअल सांगेल त्या ऑक्टेनचं. कमी ऑक्टेनचं घातलं की नॉक सेन्सर ठिणगीची वेळ मागे ओढतो, ताकद पडते, तुम्ही पाय आणखी दाबता आणि वाचवलेले पैसे तिथेच जातात. सांगितल्यापेक्षा जास्त ऑक्टेन घेऊन मात्र सहसा काही हाती लागत नाही. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असेल तर ऊर्जा सुमारे तीन टक्के कमी असते. आकडा तेवढा घसरला तर गाडीला दोष देऊ नका, शेऱ्यात लिहा.

रीमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा बदललेला प्रोग्रॅम. माझ्या गाडीत एक होता, पाय टेकवताच बूस्ट यायचा. मी मूळचा मॅप परत टाकून घेतला आणि तेवढ्यानेच काटा शून्याखाली धरणं सोपं झालं. चांगला रीमॅप वाईट नसतो. पण अ‍ॅव्हरेज वाढवतो म्हणून बूस्टमधलं मिश्रण पातळ करून देणारा भेटला तर उठून निघा; तिथलं जास्तीचं पेट्रोल पिस्टनचं रक्षण करतं. आणि पाइपाला लावायची चुंबकं, टाकीत टाकायच्या गोळ्या? अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेने असली शंभरावर साधनं तपासलीत, त्यांतली अगदी मोजकीच किंचित उपयोगी ठरली.

सकाळी जागेवर इंजिन तापवत उभं राहू नका. अर्धा मिनिट पुरे, मग बूस्ट न लावता निघा, चालताना ते लवकर तापतं. संध्याकाळी टर्बो थंड करायला दारात पाच मिनिटं घुरघुरण्यापेक्षा शेवटचे दोन किलोमीटर निवांत चालवा.

मागच्या महिन्यात तीन टाक्या ओळीने ११ च्या वर गेल्या. चौथ्या वेळी भाऊ शेजारी होता, पहाटेचा रिकामा घाट होता, आणि वहीत नोंद अशी आहे: २९६ किलोमीटर, ४१.१ लिटर, ७.२. शेरा: स्वखुशीने.